दार उघडं, खुर्ची मात्र दूर: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांमधल्या स्त्रिया

कमला हॅरिस २०२१ साली अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांच्या आजोळच्या तमिळ गावापर्यंत कॅमेरे पोचले. त्या शिकल्या त्या विद्यापीठाचं नाव मात्र आपल्याकडे बऱ्याच जणांनी घाईघाईत ‘हार्वर्ड’ असंच वाचलं. ते हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड. हार्वर्ड बॉस्टनजवळचं, १६३६ सालचं. हॉवर्ड वॉशिंग्टनमधलं, १८६७ सालचं, गुलामगिरी कायद्यानं संपल्यावर दोनच वर्षांनी निघालेलं. या दोन नावांची गाठ पुढे एका हुशार मुलीच्या निमित्तानं पडणार आहे, म्हणून फरक आत्ताच लक्षात ठेवलेला बरा.

हॉवर्डसारख्या संस्थांना अमेरिकेत ‘एचबीसीयू’ म्हणतात. ‘ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची’ कॉलेजं आणि विद्यापीठं असा त्याचा अर्थ. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात त्याची व्याख्या आहे: १९६४ च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांना शिकवणं हेच मुख्य काम असलेली संस्था. आज अशा सुमारे शंभर संस्था आहेत, बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांत. प्रवेश कुणालाही मिळतो. पण त्या निघाल्या, त्या काळात दुसरीकडे कृष्णवर्णीय मुलांना फारसं कुणी उभं करत नव्हतं.

या कॉलेजांचा इतिहास सांगताना साधारणपणे पुरुषांची नावं येतात. बुकर टी. वॉशिंग्टन, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, मार्टिन ल्यूथर किंग. बायका येतात त्या कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच संस्थांत मुली पहिल्या दिवसापासून वर्गात होत्या. पैसा त्यांनी उभा केला, शिक्षिका म्हणून गाडा त्यांनी ओढला, आंदोलनात तुरुंगातही त्या गेल्या. कारभार कुणी करायचा हा प्रश्न आला की मात्र त्यांना बाजूला सारलं गेलं. बाहेर रंगाची भिंत आणि आत बाईपणाची. कृष्णवर्णीय बाईला या दोन्हींशी एकाच वेळी झगडावं लागलं, आणि मला हा इतिहास त्यामुळेच महत्त्वाचा वाटतो.

आधी अक्षरओळखच गुन्हा होती

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता. उत्तरेत कायदा नव्हता, पण मन तेच होतं. कनेक्टिकट राज्यातल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल या गोऱ्या शिक्षिकेनं आपल्या शाळेत सारा हॅरिस या कृष्णवर्णीय मुलीला घेतलं, तसं गोऱ्या पालकांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. बाई हट्टी. १८३३ मध्ये तिनं तीच शाळा फक्त कृष्णवर्णीय मुलींसाठी सुरू केली. राज्यानं लगेच तिच्याविरुद्ध कायदा केला, तिला अटक झाली, शाळेच्या विहिरीत घाण टाकली गेली आणि १८३४ मध्ये जमावाच्या हल्ल्यानंतर शाळा बंद पडली.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि सुमारे ४० लाख माणसं मुक्त झाली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली त्या दिवसांत तिकडे दक्षिणेत चर्चच्या तळघरांत, सैन्याच्या जुन्या बराकींत, मिळेल त्या छपराखाली शाळा भरत होत्या. आजी आणि नात एकाच बाकावर बसून मुळाक्षरं गिरवत होत्या.

एवढ्या लोकांना शिकवायचं तर मास्तर हवेत. कॉलेजांची दारं मुलींसाठी उघडली त्यामागचं पहिलं कारण हे, आणि त्यात तत्त्वापेक्षा व्यवहार जास्त होता. कॉलेज म्हटलं तरी सुरुवातीला बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळा, हायस्कूल आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचं मिश्रणच होतं. मुली शिकून शिक्षिका होणार, खेड्यात जाणार, तिथल्या पोरांना शिकवणार, हा हिशोब सरळ होता. दुसरं कारण पैशाचं. मुलांचं वेगळं आणि मुलींचं वेगळं अशी दोन कॉलेजं चालवायची ऐपतच कुणाची नव्हती. लिंकन विद्यापीठासारखी काही सुरुवातीला फक्त मुलांसाठी होती, मोरहाऊस आजही आहे. पण बहुतेक ठिकाणी मुलंमुली एकत्र शिकली. येल आणि प्रिन्स्टन या नामवंत विद्यापीठांनी पदवीच्या वर्गात मुलींना १९६९ मध्ये घेतलं. हॉवर्डमध्ये त्या १८६७ पासून होत्या.

पहिल्या पिढीच्या बायका

फॅनी जॅक्सन कॉपिनचा जन्म १८३७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये गुलामीत झाला. तिच्या मावशीनं १२५ डॉलर भरून तिला विकत घेतलं, म्हणजे सोडवलं. मोलकरणीचं काम करत ती शिकली, ओहायोमधल्या ओबर्लिन कॉलेजात पोचली आणि १८६५ मध्ये पदवीधर झाली. ओबर्लिन हे गोऱ्यांनी काढलेलं, पण कृष्णवर्णीयांना आणि मुलींना दोघांनाही घेणारं त्या काळातलं विरळा कॉलेज. तिथून ती फिलाडेल्फियातल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ’मध्ये शिकवायला आली. ही संस्था १८३७ सालची, एचबीसीयूंमधली सर्वांत जुनी, आजचं चेनी विद्यापीठ. १८६९ मध्ये फॅनी तिथं मुख्याध्यापक झाली आणि १९०२ पर्यंत त्या पदावर राहिली. मुलं-मुली, पुरुष शिक्षक, सगळे तिच्या हाताखाली. इतक्या आधी एवढा अधिकार मिळालेली बाई शोधावीच लागते. बाल्टिमोरमधलं कॉपिन स्टेट विद्यापीठ तिच्या नावानं आहे.

आता पैशाची गोष्ट. नॅशव्हिलमधलं फिस्क हे कॉलेज १८६६ मध्ये निघालं आणि पाच वर्षांत बुडायला आलं. तेव्हा तिथल्या खजिनदारानं विद्यार्थ्यांचं एक गायनपथक बांधलं आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये ते दौऱ्यावर निघालं. नऊ गायक, त्यात पाच मुली. सर्वांत लहान मिनी टेट जेमतेम चौदा वर्षांची. पियानोवर एला शेपर्ड, वय वीस, तिची खरेदी तिच्या बापानंच करून तिला गुलामीतून सोडवलेलं. नाव जरी खजिनदाराचं लागलं तरी तालमी घेणं, आवाज बसवणं हे काम मोठ्या प्रमाणात एलाच करत होती. सुरुवातीला त्यांनी लोकांना रुचतील अशी नेहमीची गाणी गायली आणि पोटापुरते पैसेही सुटेनात. मग त्यांनी गुलामांच्या वस्तीत रात्री म्हटली जाणारी भजनं मंचावर आणली. ही गाणी परक्यांसमोर गायला मुलांना संकोच वाटत होता. ती त्यांच्या आईबापांची खासगी, दुःखाची गाणी होती. पण लोक ऐकून थक्क झाले. पथकानं व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायलं, इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायलं. जवळजवळ सात वर्षांत सुमारे दीड लाख डॉलर उभे राहिले. त्यातून बांधलेलं ‘जुबिली हॉल’ हे वसतिगृह फिस्कच्या आवारात आजही उभं आहे.

हॉवर्डच्या कायदा शाखेतून १८७२ मध्ये शार्लट रे बाहेर पडली आणि देशातली पहिली कृष्णवर्णीय महिला वकील ठरली. सनद मिळाली, अशील मिळाले नाहीत. काही वर्षांनी ती न्यूयॉर्कला परतली आणि शाळेत शिकवू लागली. कॉलेजनं पदवी दिली तरी बाहेरचं जग तसंच होतं.

आतलं जग तरी सरळ होतं का? अ‍ॅना जुलिया कूपर हिला विचारा. जन्म १८५८, उत्तर कॅरोलिनातल्या राली शहरात, गुलामीत. नऊ-दहा वर्षांची असताना ती सेंट ऑगस्टिन्स या नव्या शाळेत दाखल झाली. पुढे तिथं ग्रीक भाषेचा वर्ग निघाला, पण तो पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी. अ‍ॅनानं भांडून त्या वर्गात जागा मिळवली. १८९२ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात तिनं या अनुभवावर फोड करून लिहिलं: धर्मशास्त्र शिकणार म्हटल्यावर एखाद्या ढ मुलालाही पुढे ढकललं जातं, सवलती मिळतात, मुलीला मात्र पुढे शिकायचं आहे हे म्हणण्याचीच चोरी. नंतर ती ओबर्लिनला शिकली, वॉशिंग्टनमध्ये गाजलेली मुख्याध्यापिका झाली आणि १९२५ मध्ये, साठी उलटल्यावर, पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९६४ मध्ये वारली तेव्हा ती १०५ वर्षांची होती. २०१६ च्या अमेरिकी पासपोर्टच्या पानांवर थोरामोठ्यांची वचनं छापलेली होती, त्यात तिचं एक होतं.

शिवण, धुणं आणि डॉक्टरीण

मुलींना शिकवायचं काय, यावर दोन तट होते. अलाबामातली टस्कीगी आणि व्हर्जिनियातली हॅम्प्टन या संस्थांचा भर हाताच्या कामावर. मुलगे सुतारकी, विटा पाडणं, शेती शिकायचे. मुली शिवण, स्वयंपाक, टोप्या करणं, आणि धुणं. संस्थेचं धुणं म्हणजे ढिगानं कपडे, आणि ते धुवायच्या मुलीच. शिक्षणाच्या नावाखाली ही मजुरी होती असं म्हणणारे तेव्हाही होते आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण याच टस्कीगीनं एक वेगळी गोष्टही केली. टस्कीगीचा प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यानं संस्थेसाठी निवासी डॉक्टर म्हणून हॅले टॅनर डिलन हिला बोलावलं. ती १८९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली होती. हे तेच कॉलेज, जिथून पाच वर्षं आधी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशींनी पदवी घेतली. हॅलेला अलाबामा राज्याची परीक्षा द्यावी लागली. ती दहा दिवस चालली, आणि ती उत्तीर्ण होणारी हॅले पहिलीच बाई ठरली. गोऱ्या-काळ्या सगळ्या मिळून पहिली.

दुसरा तट म्हणत होता, आमच्या मुलींना लॅटिन, गणित, इतिहास सगळं हवं. अटलांटात १८८१ च्या एप्रिलमध्ये सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या न्यू इंग्लंडहून आलेल्या दोन गोऱ्या बायकांनी फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या ओलसर तळघरात वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी ११ जणी. बऱ्याच जणी चांगल्या थोराड बाया, बायबल आपलं आपल्याला वाचता यावं एवढीच इच्छा धरून आलेल्या. पुढे तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर शाळा बघायला आला, कर्ज फेडून गेला आणि १८८४ मध्ये संस्थेला त्याच्या बायकोच्या माहेरचं नाव मिळालं: स्पेलमन. तिचे आईवडील गुलामगिरीविरोधी चळवळीत होते. आजचं स्पेलमन कॉलेज ते हेच.

मेरी मॅक्लिओड बेथ्यूनची गोष्ट यापेक्षा वेगळी, कारण तिच्या मागे ना मिशन होतं ना रॉकफेलर. १७ भावंडांतली ती पंधरावी. ऑक्टोबर १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचला तिनं शाळा काढली तेव्हा गाठीला दीड डॉलर आणि समोर पाच मुली. शाईला एल्डरबेरीचा रस, पेन्सिलीऐवजी जळक्या लाकडाचे कोळसे, बाकांऐवजी खोकी. रताळ्याचे पाय भाजून मजुरांना विकायचे आणि त्या पैशांत शाळा चालवायची. (हा पाय म्हणजे तिकडचा गोड सारणाचा पदार्थ. सारणात रताळंच असतं, म्हणजे एकादशीला खाताखाता राहिलेला म्हणा.) १९२३ मध्ये तिची मुलींची शाळा कुकमन इन्स्टिट्यूटमध्ये मिळाली आणि पुढे त्याचं बेथ्यून-कुकमन कॉलेज झालं. विलीनीकरणात बहुतेक वेळा मुलींच्या संस्थेची प्रमुख मागे सरते. इथं बेथ्यूनच अध्यक्ष झाली आणि १९४२ पर्यंत राहिली. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. २०२२ पासून फ्लोरिडाच्या दोनातला एक तिचा आहे.

रेशमी मोज्यांची भांडणं

या कॉलेजांत मुलींवरचे नियम आज वाचले तर हसू येतं, मग राग येतो. मुलाबरोबर देखरेखीशिवाय हिंडायचं नाही, पत्रं उघडली जाणार, कपडे साधे, गळा बंद. यामागे एक दुखरी जागा होती. गुलामगिरीत कृष्णवर्णीय बाईवर मालकाचा हक्क मानला जायचा, आणि वर तीच चारित्र्यहीन असा शिक्का. आपल्या मुली सालस, घरंदाज आहेत हे गोऱ्या जगाला दाखवायचं ओझं कॉलेजांनी मुलींच्याच अंगावर टाकलं. हेतू रक्षणाचा. रोजचा जाच मात्र मुलींना.

मुली गप्प बसल्या नाहीत. रालीतल्या शॉ विद्यापीठात एला बेकर शिकत होती. मुलींना रेशमी मोजे घालायची बंदी होती. एलाकडे रेशमी मोजे नव्हतेच, घ्यायची ऐपतही नव्हती. तरी इतर मुलींच्या वतीनं विनंतीअर्ज घेऊन तीच पुढे झाली. फिस्कमध्ये १९२४-२५ साली अशाच नियमांवरून पेटलेलं विद्यार्थ्यांचं आंदोलन इतकं वाढलं की गोऱ्या अध्यक्षांना राजीनामा देऊन जावं लागलं. एला बेकर १९२७ मध्ये वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. ३३ वर्षांनी, एप्रिल १९६० मध्ये, याच शॉ विद्यापीठात तिनं देशभरातल्या आंदोलक विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलं आणि त्यातून विद्यार्थ्यांची ‘स्निक’ ही समिती जन्मली, नागरी हक्क चळवळीतली सर्वांत धाडसी तुकडी.

नियमांच्या भांडणात कारभाराच्या आत बसून लढलेली बाई म्हणजे ल्युसी डिग्ज स्लो. जन्म १८८५. हॉवर्डमध्ये शिकताना १९०८ मध्ये तिनं मैत्रिणींबरोबर ‘अल्फा कॅप्पा अल्फा’ ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची देशातली पहिली भगिनीसंघटना उभी केली. (कमला हॅरिस याच संघटनेच्या.) १९१७ मध्ये तिनं अमेरिकन टेनिस असोसिएशनचं विजेतेपद मिळवलं, राष्ट्रीय पातळीवर विजेती ठरलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कोलंबियातून एम.ए. केलं, आणि १९२२ मध्ये हॉवर्डची ‘डीन ऑफ विमेन’ झाली.

या पदाकडून लोकांची अपेक्षा रेक्टरबाईची: मुली वेळेवर आत आल्या का, खोल्या झाडल्या का. स्लोचं म्हणणं असं की मी प्राध्यापक आहे, पहारेकरी नाही. मुलींना निर्णय घ्यायची सवय लागली पाहिजे, शिक्षकी पेशापलीकडचे व्यवसाय त्यांना दिसले पाहिजेत, विद्यापीठाच्या धोरणात त्यांच्या वतीनं बोलणारं कुणी पाहिजे. १९३३ मध्ये तिनं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर एक लेख लिहिला, त्यात हेच मांडलं. हॉवर्डमध्ये मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहांचं आवार तिच्या प्रयत्नांनी उभं राहिलं.

हॉवर्डला १९२६ मध्ये पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाले, मॉर्डेकाय जॉन्सन. मोठा माणूस, विद्यापीठाला त्यांनी खूप वर नेलं. पण स्लोशी त्यांचं पटलं नाही. एका प्राध्यापकाच्या असभ्य बोलण्याबद्दल विद्यार्थिनीच्या घरून आलेली तक्रार स्लोनं धरून लावली, तिथून बिनसलं. हळूहळू तिचा पगार, तिचे अधिकार, बैठकांमधली तिची जागा, सगळीकडे कात्री लागली. १९३३ मध्ये हुकूम आला की तिनं स्वतःचं घर सोडून आवारात मुलींजवळ राहायला यावं. पुरुष डीनना असा हुकूम नव्हता. माजी विद्यार्थिनी आणि बायकांच्या संघटना उठल्या, आणि स्लो आपल्याच घरात राहिली. १९३७ मध्ये, पदावर असतानाच, तिचं निधन झालं.

हॉवर्ड ते हार्वर्ड

पॉली मरे हिनं १९३८ मध्ये उत्तर कॅरोलिना विद्यापीठात अर्ज केला. कृष्णवर्णीय म्हणून नकार. १९४१ मध्ये ती हॉवर्डच्या कायदा शाखेत आली. वंशभेदाशी लढणाऱ्या वकिलांची ती कार्यशाळाच होती. वर्गात मुलगी एकटी तीच. पहिल्याच दिवशी प्राध्यापक म्हणाले, बायका कायदा शिकायला कशाला येतात कळत नाही. वर्ग हसला. दक्षिणेतल्या वंशभेदी कायद्यांना ‘जिम क्रो’ म्हणत. मरेनं आपल्याला भेटलेल्या या दुसऱ्या भेदाला ‘जेन क्रो’ असं नाव ठेवलं.

१९४३ च्या वसंतात हॉवर्डचे मुलगे युद्धावर जात होते. आवारात उरल्या त्या बहुतांशी मुली. जवळच्याच ‘लिटल पॅलेस’ या गोऱ्यांच्या उपाहारगृहावर त्यांनी मोर्चा वळवला, मरे त्यांची सल्लागार. गांधींच्या सत्याग्रहावरचं कृष्णलाल श्रीधराणींचं पुस्तक तिनं वाचलेलं होतं. मुलं-मुली तिघातिघांच्या गटानं आत जायच्या, खायला मागायच्या. नकार मिळाला की रिकामा ट्रे घेऊन टेबलाशी बसायच्या आणि पुस्तक काढून वाचायला लागायच्या. मारामारी नाही, घोषणा नाही, टेबलं मात्र अडलेली. काही दिवसांतच मालकानं सगळ्यांना वाढायला सुरुवात केली. ग्रीन्सबरोचं गाजलेलं ‘सिट-इन’, म्हणजे जागेवर बसून केलेलं आंदोलन, व्हायला अजून १७ वर्षं होती. पुढच्या वर्षी मुलींनी दुसरं हॉटेल धरलं तेव्हा विद्यापीठानंच त्यांना थांबवलं. हॉवर्डचा मोठा खर्च संसद उचलत होती आणि संसदेत दक्षिणेच्या गोऱ्यांचं वजन होतं.

मरे १९४४ मध्ये वर्गात पहिली आली. पहिला येणारा पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डला जायचा, अशी रीत. हार्वर्डनं कळवलं, तुम्ही प्रवेशास पात्र अशा लिंगाच्या नाही. मरेनं उत्तर पाठवलं ते असं: तुमची अट पुरी करायला मी लिंग आनंदानं बदलेन, पण तसा मार्ग मला अजून सापडलेला नाही, तेव्हा तुम्हीच मत बदला, की दोन्ही सारखंच अवघड आहे? हार्वर्डच्या कायदा शाखेनं बायकांना घेतलं ते १९५० मध्ये.

याच मरेनं हॉवर्डमध्ये वर्गात एक मुद्दा मांडला होता. ‘वेगळं पण समान’, म्हणजे सोयी समान असल्या तर गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवलेलं चालतं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १८९६ मध्ये मान्य केलं होतं. वकील तेव्हा भांडत होते ते ‘समान’ कुठे आहे यावर. मरे म्हणाली, ‘वेगळं’ यावरच घाव घाला. वर्गातली मुलं पुन्हा हसली. तिनं प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सनशी दहा डॉलरची पैज लावली की २५ वर्षांत हे तत्त्व पडेल, आणि त्यावर निबंध लिहून दिला. ते पडलं दहा वर्षांत, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धच्या १९५४ च्या ‘ब्राऊन’ खटल्यात. रॉबिन्सन त्या खटल्याच्या वकिलांपैकी एक होते, आणि तयारी करताना त्यांनी मरेचा तो निबंध बाहेर काढला होता. हे तिला कळलं कित्येक वर्षांनी.

आंदोलनात पुढे, छायाचित्रात मागे

१ फेब्रुवारी १९६० ला उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी वूलवर्थच्या जेवणाच्या काउंटरवर बसले. छायाचित्रात ते चौघे मुलगे. त्याच गावात बेनेट हे मुलींचं कॉलेज आहे: १८७३ चं, १९२६ पासून फक्त मुलींचं. तिथल्या विद्यार्थिनींनी १९३७ मध्येच सिनेमागृहांवर बहिष्कार घातला होता. १९६० च्या बेताच्या बैठकांतही त्या आधीपासून होत्या, आणि नंतर रोज काउंटरवर जाऊन बसल्या. तिथल्या अध्यक्ष विला प्लेयर. १९५५ मध्ये त्या पदावर आल्या, चार वर्षांच्या मान्यताप्राप्त कॉलेजच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अध्यक्ष. १९५८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगना सभेसाठी गावात कुणी जागा देईना, तेव्हा प्लेयर यांनी कॉलेजचं प्रार्थनागृह दिलं. १९६३ मध्ये त्यांच्या मुली मोठ्या संख्येनं अटकेत गेल्या. प्लेयर रोज त्यांना भेटायला जात. टपाल आणि अभ्यास तुरुंगात पोचवला जाई, म्हणजे सत्र बुडायला नको. आंदोलक विद्यार्थ्यांना काढून टाकणारे अध्यक्षही तेव्हा होते.

नॅशव्हिलच्या आंदोलनाचा एक धागा थेट नागपुरात पोचतो. जेम्स लॉसन हा तरुण मेथडिस्ट मिशनरी १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता, मुलांना खेळ शिकवायचा आणि गांधींचा अभ्यास करायचा. अमेरिकेत परतल्यावर त्यानं नॅशव्हिलमध्ये अहिंसेचे वर्ग घेतले. अंगावर सिगारेट विझवली, तोंडावर थुंकलं तरी हात उचलायचा नाही, याचा सराव. त्या वर्गातून तयार झालेली फिस्कची विद्यार्थिनी डायन नॅश. १९ एप्रिल १९६० ला हजारोंच्या मोर्चापुढे उभं राहून तिनं महापौरांना सरळ विचारलं, रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? महापौरांना ‘हो’ म्हणावं लागलं. तीन आठवड्यांत शहरातले काउंटर खुले झाले.

कोंडलेले विश्वस्त

स्पेलमनमध्ये पहिली ७० वर्षं अध्यक्ष गोऱ्या बायका होत्या. १९५३ मध्ये पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष आला, तो पुरुष. १९७६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी कृष्णवर्णीय बाई. विश्वस्तांनी निवडला पुन्हा पुरुष. विद्यार्थिनी आणि काही प्राध्यापकांनी विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि २६ तास त्यांना आत ठेवलं. निर्णय बदलला नाही. पण पुढच्या वेळी असं करायची कुणाची छाती झाली नाही: १९८७ मध्ये जॉनेटा कोल अध्यक्ष झाल्या. कृष्णवर्णीय मुलींसाठी काढलेल्या कॉलेजला कृष्णवर्णीय बाई प्रमुख म्हणून मिळायला १०६ वर्षं लागली.

या मधल्या काळात या कॉलेजांनी घडवलेल्या बायकांची यादी देत बसत नाही. एकच सांगतो. अमेरिकेच्या अवकाश मोहिमांची गणितं करणाऱ्या ज्या तीन कृष्णवर्णीय स्त्रिया अलीकडे जगाला माहीत झाल्या, त्या तिघी याच संस्थांमधल्या: कॅथरिन जॉन्सन वेस्ट व्हर्जिनिया स्टेटची, डोरोथी वॉन विल्बरफोर्सची, मेरी जॅक्सन हॅम्प्टनची. धुण्याच्या ढिगासाठी मुली राबवणारं तेच हॅम्प्टन.

आज एचबीसीयूंमध्ये दहातल्या सहापेक्षा जास्त विद्यार्थी मुली आहेत आणि मुलगे का कमी झाले याची चिंता चालते. फक्त मुलींची कॉलेजं दोनच उरलीत, स्पेलमन आणि बेनेट. २०२४ च्या जानेवारीत स्पेलमनला एका दांपत्यानं १० कोटी डॉलरची देणगी दिली. बेनेटची तऱ्हा वेगळी. आर्थिक स्थिती कमकुवत म्हणून २०१८ मध्ये त्यांची मान्यता काढायचं ठरलं. कॉलेजनं ५० लाख डॉलर उभे करायचं ठरवलं, माजी विद्यार्थिनी आणि अनोळखी माणसांनी मिळून ८० लाखांहून जास्त दिले. तरी २०१९ मध्ये मान्यता गेलीच. बेनेट कोर्टात गेलं, दुसऱ्या संस्थेकडे मान्यतेसाठी अर्ज केला, आणि कॉलेज चालू ठेवलं.